सोळाव्या आठवड्याचे काप

मंदाकिनीबाईंना रिटायर व्हायला सात महिने उरले होते, पण कंटाळा मात्र सात वर्षांचा साठला होता. रायपूरच्या एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत टेक्निशियनच्या तीन जागा. दोन रिकाम्या, तिसरीवर ह्या. सरकारला वाटतं, बाईला सहा हात असतात.

त्यात डॉक्टर अनुश्रीचा प्रबंध येऊन पडला. पोटातल्या बाळाची किडनी घडताना कोणतं प्रोटीन कोणत्या आठवड्यात दिसतं, ते तिला पाहायचं होतं. पोट पडलेल्या बायांनी परवानगी दिली तरच अशी किडनी मिळे. सोळाव्या आठवड्याची एकच होती, शहराबाहेरच्या उरला वस्तीतल्या मोनालीची. मागच्या उन्हाळ्यात सही करताना तिनं बाईंचा हात धरला होता. "दीदी, वाया तं नाही जाणार ना?"

"नाही जाऊ देणार," बाई बोलून गेल्या होत्या.

किडनी जेमतेम चिंचोक्याएवढी. काप घ्यायला मेणात बसवली ती तिरपी बसली, म्हणून कसेबसे सहाच काप धड निघाले, मेणात पुढे काही उरलं नाही. ते काचांवर घेतले. रंग चढवण्याआधी काचा कुकरमध्ये उकळतात, तुमच्या-आमच्या घरी असतो तसल्याच. सहाही एकाच पाण्यात, नाहीतर रंगांची तुलना होत नाही. दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. त्या दिवशी बाई स्टुलावर टेकल्या आणि घरच्या तूरडाळीसारख्या चार शिट्ट्या मोजून उठल्या. झाकण काढलं तर सगळ्या काचा कोऱ्या. काप सुटून पाण्यात त्यांच्या चिंध्या झालेल्या.

अनुश्री हळूच म्हणाली, "दीदी, अठराव्याच्या काचा एक्स्ट्रा आहेत. त्यावर सोळा लिहू. किसको पता चलेगा?"

"मले पता राहीन ना, पोट्टे."

रजिस्टरात त्यांनी लिहिलं : सोळावा आठवडा, काप गेले, चूक माझी. खाली सही. रिटायर होता होता हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण खोटं निभवायलाही अंगात त्राण लागतं, ते कुठून आणायचं?

कागदावर खरं लिहिणं तरी सोपं. पुढच्याच आठवड्यात मोनाली तपासणीला आली, तिला पुन्हा दिवस गेले होते. जिना चढून ती थेट प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"दीदी, आमच्या बाळाचं काही कामी आलं का?"

'हो' म्हटलं असतं तर ती हसत गेली असती. बाईंनी हातमोजे काढले.

"नाही वं. माह्या हातानं खराब झालं. माफ कर मले."

मोनाली आत येऊन टेबलावरच्या काचांकडे पाहू लागली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्याले पाहिलं? मले तं कोणी दाखवलंच नाही."

"सगळं नाही पाहिलं. फक्त किडनी पाहिली."

"कशी होती?"

तेहतीस वर्षांच्या नोकरीत असं कोणी विचारलं नव्हतं.

"चांगली होती," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "बरोबर बनून राहिली होती."