रबरी राक्षसाची उंची

मुलीसोबत टीव्हीवर महाकाय यंत्रमानवाचा सिनेमा पाहत होतो. सवयीने मी पडद्यावर त्याच्या शेजारी दिसणाऱ्या इमारतींचे मजले धरून त्याची उंची काढली. प्रत्येक दृश्यात बरोबर तेवढीच.

लहानपणी जत्रेच्या तंबूत अशाच सिनेमांच्या स्वस्त नकला लागत. पुठ्ठ्याच्या शहरात रबरी राक्षस नाचायचा. पुलापाशी तो तीनमजली दिसे, देवळापाशी दहामजली. वळला की पोशाखाची पाठीवरची चेनही दिसायची.

"अण्णा, उंची चुकली!" मी वडिलांना म्हणालो.

"गप रे. हिशेब घरी कर, इथे आपण घाबरायला आलोय," म्हणत त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

कमी पडेल तेवढी भीती आम्ही पदरची घालायचो. या बिनचूक यंत्रमानवाला माझ्याकडून काहीच नको आहे.