विमा कुणाच्या नावावर

आमच्याकडं सगळं कुणाच्या तरी नावावर असतं. शेत नावावर, गॅस नावावर, लाइटचा मीटरसुद्धा. बीडला आम्ही जुनी चारचाकी घेतली, कागदांवर नवऱ्याचं नाव लागलं, आणि त्यांनी ठरवूनच टाकलं की विमाही त्यांच्या नावावर, म्हणजे चालवायचीही त्यांनीच. "तू चालवली आन कुठं घासली, तर कंपनी हात वर करील," असं सांगायचे. 'नावावर' हा शब्द तर असा दाबून म्हणायचे, की सातबाराच वाचून दाखवतायत!

आणि मी ऐकून घेतलं. शाळेत अख्ख्या वर्गाला दरडावणारी बाई मी. रीतसर क्लास लावून लायसन काढलेलं. तरी पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर गुमान बसायचे. लायसनचा उपयोग एकच, कुठं ओळखपत्र मागितलं तर झेरॉक्स द्यायला.

जीव तुटायचा तो आईसाठी. ती चौसाळ्याला भावाकडं असते, आता थकलीय. दर फोनला विचारायची, "कवा येतीस?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "हे आणतील तवा." फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच चीड यायची.

गेल्या श्रावणात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही." आणि पंचमी तोंडावर आलेली. आमच्याकडं पंचमीला लेकीनं माहेरी जायचं, आणि तिला न्यायला माहेराहून माणूस यायचा. त्याला मुराळी म्हणतात. माझा मुराळी भाऊ. पण आम्ही गाडी घेतल्यापासून "दाजी आणतातच की" म्हणून त्यानं येणं सोडलं होतं, आणि आता तो फवारणीत गुंतलेला. ह्यांच्या डोळ्यात थेंब घालायला मी लागणार, त्यांना घरी एकटं ठेवता येईना. सणाच्या एसटीत त्या डोळ्यानिशी कसं न्यायचं? आई फोनवर म्हणाली, "न्हाई जमत तर राहू दे बाई. फुडच्या वर्षी बघू." फुडच्या वर्षी! तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

ह्यांनाही ते कळलं असावं. म्हणाले, "गल्लीतला टॅक्सीवाला हाय ना, त्याला बोलवतो. आपलीच गाडी, तो चालवंल."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. "अहो, विमा त्याच्या नावावर हाय का?"

"कुणाच्या?"

"त्या टॅक्सीवाल्याच्या! त्यानं घासली तर चालतंय, आन मी घासली की कंपनी हात वर करती?"

मी पिठाच्या हातानं विम्याच्या एजंटला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो हसायलाच लागला. "विमा गाडीचा असतोय वैनी. लायसन असलेल्या कुणालाबी मालकानं चालवायला दिली तरी चालतंय. अपघातात मालकाला काय झालं तर पैसे मिळत्यात, तेवढंच साहेबांच्या नावानं. बाकी सगळं गाडीवर. तुमच्याकडं लायसन हाय ना? मग कावून इचारायलात?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. पण ते फोनकडं वाकून हळूच विचारत होते, "आन हिला काय झालं तर?"

"त्यो विमा येगळा काढावा लागंल, साहेब."

फोन ठेवल्यावर म्हणाले, "बघ. गाडीचा पत्रा भरून मिळंल गं. तुझं काय?"

राग आला तो आलाच, पण डोळेही भरले. "मग भ्या वाटतंय म्हणायचं! नावाचं कशाला सांगत बसलात? आन तुमी चालवता तवा मला भ्या वाटत न्हाई व्हय?"

"तसं म्हणायची लाज वाटायची."

"मग काढा माझाबी विमा. आन किल्ली द्या."

त्यांनी दिली. किल्ली देताना हात जरा रेंगाळला, पण दिली.

पाली गावाच्या अलीकडंच गाडी माझ्याकडून भर रस्त्यात बंद पडली. मागं ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न. काळा चष्मा लावून शेजारी बसलेले हे म्हणाले, "वाजवू दे त्याला. तू सावकाश घे." पुढं धरण दिसलं तसं म्हणाले, "धरणाला पाणी लई आलंय, बघ." आणि लगेच ओरडले, "बघू नको, फुडं बघ!" मांजरसुंब्याच्या घाटात तर त्यांचा पाय माझ्यापेक्षा जास्त ब्रेक दाबत होता, नुसत्या मॅटवर. मला हसू आवरेना. इतकं मोकळं मी त्या गाडीत कधी हसले नव्हते.

आई ओट्यावरच बसली होती. जावई डाव्या बाजूनं उतरतायत आणि उजवीकडून मी, हे बघून ती गोंधळली. "मुराळी कोण गेलता गं तुला आणायला?"

"मीच गेलते," मी म्हणाले आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली. मग माझी मूठ उघडून परत आत ठेवली आणि मूठ घट्ट मिटली.

"मग आता," आई म्हणाली, "'हे आणतील तवा' म्हणायचं न्हाई."