काळ्या किनाऱ्यांचा समुद्र

आमच्या समुद्राला चार किनारे होते, चारही काळे, चारही आत ओढणारे. खरं म्हणजे ते मालकाचं शेततळं, तेलगावच्या शिवारातलं, काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. आईबाप दिवसभर कापूस वेचायला. मी बारा वर्षांची, सातवीतून शाळा सुटलेली. सहा वर्षांच्या धाकटीला सांभाळायचं माझ्याकडं. त्या कागदावरून पाय सरकला की मोठा माणूससुद्धा वर येत नाही. हे तिला कसं समजवायचं? म्हणून मी समुद्र रचला.

दक्षिणेला बुडालेलं गाव. तिथली माणसं पाण्याखालून पाय धरतात. पूर्वेला, पंपाचा पाइप आत उतरायचा तिथं, भोवरा. दुपारी वारा सुटला की काठाचा सैल कागद फुगायचा, फडफडायचा. ते वादळ, समुद्राला भूक लागली की येतं. थंडीत सकाळी पाण्यावर वाफ दिसायची, तेव्हा सांगायचे, खालच्या गावात चुली पेटल्या.

"काय शिजतंय गं आक्का?"

"हट्टी पोरी."

ती रडेपर्यंत मी थांबत नसे. मजा यायची, खोटं कशाला सांगू.

एक नियम मात्र मी निव्वळ माझ्या सोयीसाठी घातला. आईचा मोबाईल माझ्याकडं असायचा आणि ही सारखी हाका मारायची. म्हटलं, "समुद्राला कान हायेत. तितं कुणी वरडलं की लाट येऊन नेती."

त्या दुपारी मी लिंबाखाली मोबाईल बघत बसले होते. शेजारच्या रानातल्या काकू एकदम किंचाळत बांधावरून धावल्या. शेळीचं करडू काठाशी गेलं होतं. त्याला समुद्र नेईल म्हणून धाकटी हाकलायला गेली आणि घसरली. पळत जाऊन बघते तर पंपाचा पाइप दोन्ही हातांनी धरलेला, हनुवटीपर्यंत पाणी, ओठ गच्च मिटलेले. मी बसले होते तिथून वीस पावलांवर. काकूंनी अंगावरची साडी सोडून टोक फेकलं, मी मागून त्यांची कंबर धरली. आली वर.

"वरडली कावून न्हाईस गं?" काकू तिला गदागदा हलवत होत्या. ती माझ्याकडं बघत राहिली.

काकूंनी ओली साडी तशीच गुंडाळली. मला म्हणाल्या, "तुज्या मायला मी सांगत न्हाई. जीव घेईल ती तुजा. पर हिला नजरंआड करू नको."

आज इतक्या लांब, सुरतेत, साड्यांना टिकल्या चिकटवताना रोज एकदा मनातल्या मनात त्या बाईच्या पाया पडते. धाकटीचा फोन आला नाही की जीव थाऱ्यावर राहत नाही. आला तर ती "बरी हाय" एवढंच म्हणते, आणि मला ते पटत नाही.

कारण काकू दिसेनाशा झाल्याबरोबर मी तिचं मनगट पिरगाळलं होतं. "आईला सांगितलंस तर समुद्र घरी येईल. दारातून आत."

संध्याकाळी आईनं तिच्या डोक्याला हात लावला. "केसं वले कावून?"

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आक्कानं हौदावर न्हाऊ घातलं."

"गुणाची हाय माजी बाय," आई म्हणाली आणि चुलीपुढं बसण्याआधी तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं.