पांढरंच राहू दे

तिला सगळे कवळीवाली म्हणत. सव्वीस वर्षं ती एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवत होती. साचा घ्यायचा, प्लास्टर ओतायचं, घासायचं. हात सफाईदार, डोकं तापट. डॉक्टरसुद्धा तिच्याशी जपून बोलायचे.

तिचा थोरला भाऊ बंदर बांधणाऱ्या कंपनीत पाणबुड्या होता. मोठी जहाजं आत यावीत म्हणून कंपनीने तळाचा प्रवाळखडक सुरुंग लावून फोडला. बोभाटा झाल्यावर त्याच कंपनीने सिमेंटचे ठोकळे बुडवले आणि त्यांवर जिवंत प्रवाळाचे तुकडे चिकटवले. चिकटवायलाही भाऊच. गाळ उपसणं मात्र एक दिवस थांबलं नाही. दोन उन्हाळ्यांत झाडून सगळे तुकडे पांढरेफटक पडून मेले. भावाने त्यातले काही पिशवीत घालून घरी आणले, दाराशी ठेवले आणि मुकाट्याने जेवायला बसला.

कवळीवालीने त्यांचे साचे घेतले. दवाखान्याचं काम उरकलं की ती तेच करत बसायची. आठ महिन्यांत प्लास्टरचे नऊशे तुकडे झाले, सगळे पांढरे. डॉक्टरांनी कौतुकाने काढलेले फोटो फिरत फिरत कंपनीच्या जनसंपर्क मॅडमपर्यंत गेले. बंदराच्या नव्या इमारतीत दर्शनी दालनासाठी त्यांना मांडणशिल्प हवंच होतं. कवळीवाली लगेच हो म्हणाली. मारणाऱ्यांच्याच दारात मढं मांडायला मिळतंय, आणखी काय हवं?

आठवडाभर खपून तिने फरशीभर तुकडे मांडले, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट सोडली. मॅडमनी फेरी मारली. थोडा रंग भरू या ना, म्हणाल्या, लोकांना मेलेलं बघायला आवडत नाही.

"मग मारायचं नव्हतं," कवळीवाली म्हणाली.

मॅडम नुसत्या हसल्या. विषय मिटला असं तिला वाटलं.

उद्घाटनाच्या सकाळी ती पोचली तर सगळं गुलाबी, केशरी, जांभळं. भिंतीवर पाटी: 'समुद्राला नवजीवन'. खाली कलाकार म्हणून तिचं नाव. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडली नाही. स्वच्छतागृहातून बादली आणि फडकं घेऊन आली, तुकड्यांमधल्या वाटेत गुडघे टेकले आणि रंग पुसायला लागली. रंग पाण्याचा होता, तरी प्लास्टरने तो पिऊन घेतला होता. पांढरं काही होईना, नुसते मळकट ओघळ. ती आणखी जोरात घासू लागली.

पाहुणे जमले. मॅडमनी समजावलं, दटावलं, मग रखवालदाराला बोलावलं. तो येऊन नुसताच उभा राहिला. कर्मचाऱ्यांच्या रांगेत, कंपनीच्या गणवेशात भाऊ होता. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. इतके महिने गिळलेलं तोंडातून बाहेर पडलं.

"सुरुंगाची भोकं तूच पाडलीस ना? सांग की यांना. दातखीळ बसली का?"

भाऊ पुढे आला.

"मीच पाडली," तो पाहुण्यांना म्हणाला. "नंतर तुकडेही मीच चिकटवले. एकही जगला नाही."

मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, बादलीत बुचकळली आणि तिच्या शेजारी बसून घासायला लागला.

पाहुण्यांना चहाच्या निमित्ताने दुसऱ्या खोलीत नेलं. दुपारपर्यंत सगळे तुकडे राडारोड्याच्या ट्रकमध्ये गेले, आणि पुढच्या आठवड्यात भावाची नोकरी. उद्घाटनाच्या बातमीत यातलं काहीच आलं नाही. पाटी मात्र दालनात आहे, शेजारी आता माशांची टाकी ठेवलीय.

भाऊ हल्ली पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवतो. महिनाभर तो तिच्याकडे फिरकला नाही. मग एके दिवशी आला, आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला,

"चारचौघांत विचारायला नको होतंस."

"घरात विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

त्याने रिकामं भांडं खाली ठेवलं. तिला त्याची कीव आली नाही. तिने प्लास्टरचं पोतं ओढून पुढ्यात घेतलं आणि म्हणाली, "बसणार असशील तर साचे धू."

तो बाह्या वर करून बसला.