अण्णांच्या मांडीतली नळी

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा माझे वडील, आमचे अण्णा, औशाहून तिथं सरकारी जीप चालवायला आले. रिटायर झाल्यावर त्यांचा डावा पाय चालताना भरून यायला लागला, मग बोटं काळी पडली. मांडीतली रक्तवाहिनी बंद झाली होती. अण्णा ऑपरेशनला तयार नव्हते. माय हटून बसली. हैदराबादला मांडीत कृत्रिम नळी टाकून रक्ताला दुसरी वाट करून दिली. पाय वाचला. पुढं कितीतरी वर्षं अण्णा भाजीला पायीच जायचे, रिक्षा करायचे नाहीत.

दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, नेमकी त्या नळीपाशी गाठ आली. आधी सगळ्यांना वाटलं, पू झालाय. औषधं झाली, चिरा दिला, जखम भरेना. मी मुखेडला शिक्षिका. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं लातूर, रविवारी माघारी. घरी पोचलं की आधी टँकरच्या रांगेत घागरी, मग ड्रेसिंग. रक्ताळलेली फडकी धुवायची तरी पाणी जपून. मी आणि माय फारसं बोलत नसू. बोलायला अंगात काही उरायचंच नाही.

शेवटी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. रक्तवाहिनीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला.

मायनं डॉक्टरांना विचारलं, "साहेब, नळी टाकली म्हणून झालं का हे?"

"नक्की सांगता येत नाही, मावशी. असं फार क्वचित होतं. मी स्वतः पहिल्यांदाच बघतोय."

घरी आल्यावर माय भिंतीला टेकून बसली. "मीच मागं लागले होते ऑपरेशनच्या," एवढंच म्हणाली.

अण्णा खाटेवरून म्हणाले, "तवाच पाय गेला असता. एवढी वर्षं हिंडलो की मी. तू कशाला मनाला लावून घ्यायलीस?"

 त्या दुपारी माय बऱ्याच दिवसांनी माझ्यासोबत जेवायला बसली.

पाय खुब्यापासून काढला. तोवर कॅन्सर फुप्फुसात पसरला होता. पाऊस पडायच्या आत अण्णा गेले.

पाहुणे पांगल्यावर मी मुखेडची गाडी धरली. आता खिडकीशी बसून रडून घ्यावं म्हटलं, तर रडू येईना. गाडी गावाबाहेर पडायच्या आतच डोळा लागला. कंडक्टरनं उठवलं तेव्हा मुखेड आलं होतं.