हलका नको

बाजारातले लोक तिला तराजूताई म्हणत. वापरलेले टॅबलेट घ्यायचे आणि विकायचे, हा तिचा धंदा. कुठलाही टॅबलेट आला की ती आधी डोळे मिटून तो तळहातावर धरायची. स्क्रीन, बॅटरी, चार्जिंगची पिन हे सगळं नंतर. तिच्या मते स्वस्तातल्या टॅबलेटची खरी परीक्षा एकच: वाचता वाचता हात त्याला किती वेळ विसरतो.

त्यासाठी तिनं खिडकीपाशी आरामखुर्ची ठेवली होती. दुपारी तिथं ऊन पाण्यासारखं हलायचं. खरेदीला आलेली गिऱ्हाइकं पेंगायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

एका दुपारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. चाळीस वर्षं पुस्तकं बांधून त्यांची मनगटं गेली होती. आता पुस्तक हातात धरवत नव्हतं. पाच महिन्यांत एक पान वाचून झालं नव्हतं.

“बजेट कमीच आहे,” मुलगी म्हणाली, “पण हलका नको हं, ताई.”

तराजूताईनं छोटे टॅबलेट बाजूला सारले आणि एक भक्कम, जाड पाठीचा काढून दिला. वडील खुर्चीत टेकले. अर्धं पान झालं असेल नसेल, मनगट थरथरलं आणि टॅबलेट पोटावर आदळला.

“राहू दे, बाळा,” ते उठू लागले. “आता भिंतीवरचं कॅलेंडर वाचीन. ते धरावं तरी लागत नाही.”

मुलीचा चेहरा उतरला. “ताई, हा केवढा जड आहे!”

“तूच म्हणालीस ना, हलका नको?”

“अहो, हलका म्हणजे चार दिवसांत बंद पडणारा!”

तराजूताईनं कपाळावर हात मारला. “माझं आयुष्य वजनात गेलं गं. मला दुसरा हलका सुचतच नाही.”

मग तिनं सगळ्यात लहान टॅबलेट आणला. कोपऱ्यावर चरा होता, बॅटरी मात्र धड. वडिलांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“शिलाई कुठाय याची?”

“नाहीच, काका. म्हणून उसवायची भीती नाही.”

ते हसले. वाचू लागले. पान उलटायला त्यांनी सवयीनं बोट जिभेला लावलं. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना, तेव्हा सदऱ्याला पुसलं. मग पानं सरकत राहिली. ऊन गुडघ्यावरून छातीवर आलं. त्यांचे डोळे मिटले, पण टॅबलेट हातात तसाच होता, जरासुद्धा न कलंडता.

मुलगी तो अलगद काढून घ्यायला वाकली.

“असू दे,” ते डोळे न उघडता म्हणाले. “मी अजून त्याच पानावर आहे.”