विम्याच्या कार्डावरची आई

आमच्या पोशीरच्या घराची वाटणी झाली तेव्हा भाऊबंदांनी अंगणात बसून आधी भाताची खाचरं वाटली, मग बैल, मग तांब्यापितळेची भांडी आणि सगळ्यात शेवटी आईबाप. वडील थोरल्या भावाच्या वाट्याला गेले, आई धाकट्याच्या. आईच्या पोटापाण्यासाठी ओढ्याकाठचं एक खाचर वेगळं काढलं. जो तिला सांभाळील त्यानं ते कसायचं, आणि तिच्या मागं ते त्याचंच व्हायचं. जन्मभर एका चुलीवरचं जेवलेल्या नवराबायकोची अशी फाळणी करताना कुणाच्या घशात घास अडकला नाही. मी लेक, कर्जतला दिलेली. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, चहा करायला मात्र आठवणीनं बोलावलं होतं.

दादा, म्हणजे थोरला, मोहोपाड्याच्या एका कारखान्यात लागला होता आणि तिथंच खोली घेऊन बायकापोरं आणि वडिलांसह राहत होता. कारखान्यात कामगारांचा विमा होता. दर महिन्याला पगारातून थोडं कापून घेत आणि त्याबदल्यात कामगाराला, त्याच्या बायकामुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना औषधपाणी फुकट, वेळ पडलीच तर मुंबईच्या इस्पितळात खाट आणि ऑपरेशनही फुकट. अट एकच, ज्यांना हा लाभ हवा त्यांची नावं कामगारानं स्वतः अर्जात लिहून सही करायची. दादानं बायकोचं नाव लिहिलं, पोरांची लिहिली, वडिलांचं लिहिलं. आईची ओळ कोरी सोडली. यात काही चुकतंय असं त्याला वाटलंसुद्धा नाही. आई धाकट्याच्या वाट्याची, मग तिचं नाव आपल्या कागदावर कशाला?

वडील धडधाकट होते. त्यांना ना खोकला ना ताप, तरी दर आठवड्याला विम्याच्या दवाखान्यात रांगेत उभे राहून लाल औषधाची बाटली घेऊन येत. खोलीच्या खिडकीत त्या बाटल्या मांडून ठेवलेल्या असत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "फुकाटची हाय गं, सोडायची कशाला?"

आणि इकडं आई आजारी पडली. पाळी जाऊन जमाना लोटला होता, तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. सुनेला तिनं सांगितलं नाही. मलाही सांगितलं नसतं, पण ओढ्यावर ती लुगडं धूत होती आणि मी अचानक मागं जाऊन उभी राहिले. मी तिला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुंबईला न्या, ऑपरेशन लवकर झालं तर वाचतील. मुलगा कारखान्यात आहे ना? मग विम्यातून न्या, नाहीतर खाटेची वाट बघण्यातच दिवस जातील." माझ्या सासरी पैसा सासऱ्यांच्या कनवटीला, आणि सुनेच्या आईवर खर्च करायची आमच्यात रीत नव्हती. म्हणजे राहिलं ते विम्याचं कार्ड.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मी मोहोपाड्याला गेले आणि थेट कारखान्याच्या ऑफिसात शिरले. तिथला कारकून जरा तुसडाच होता, पण बोलला ते स्वच्छ. आईचं नाव मागाहूनही घालता येतं. नोंद लगेच होते. शेतीवाडीशी, वाटणीशी या कागदाचा काडीचा संबंध नाही. "दोन मिनिटांचं काम आहे बाई. तुमच्या भावाला सही करायला पाठवा."

"माझी सही चालेल का?"

"तुम्ही कुठं आमच्या कामगार?" तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

दादाला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. "नाव लिवलं म्हंजे ती माझ्यावर हाय असं झालं. उद्या धाकटा म्हनंल, घेऊन जा तुझी आई. मंग? आणि सांभाळायची तर खाचर पन माझ्याकडं पायजे."

मी पोशीरला धाकट्याकडे गेले. तो भाताला पाणी लावत होता. "त्याच्या सरकारी कागदावर आईचं नाव चढलं की खाचर बी त्याचं. मी काय खुळा हाय?" मी ओरडले, शिव्या घातल्या. कारकुनाचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगितलं. दोघांनाही ते कळत होतं, पण पटत नव्हतं. वाटणीत आईबाप मांडून बसलेल्यांना कुठलाही कागद वाटणीपत्रच वाटतो.

शेवटी पुन्हा मोहोपाड्याला जाऊन वडिलांना गाठलं. म्हटलं, बाबा, तुमचं तरी ऐकेल दादा. वडील खिडकीतल्या बाटल्या पुसत होते.

"ती धाकट्याच्या वाट्याला हाय गं," ते म्हणाले. "आमी कसं बोलायचं?" मग मी निघताना त्यांनी अर्धी उरलेली बाटली माझ्या पिशवीत घातली. "दे तिला. वाया जान्यापरीस."

ती बाटली मी आईला देणार नव्हते. पण तिनंच पिशवीत पाहिली. "त्यांनी पाठवलं?" तिनं विचारलं आणि कडू घोट गटागटा पिऊन टाकले. त्या दिवशी ती दुपारभर खुशीत होती. मला माझ्या बापाचा इतका राग कधी आला नव्हता.

कापणीच्या दिवसांत आई गेली. शेवटी शेवटी तिला अंथरुणावरून उठवत नव्हतं. ओढ्याकाठचं खाचर धाकट्यानं सगळ्यात आधी कापून घेतलं.

तेराव्याला तेच भाऊबंद पंगतीला बसले होते. मी वरण वाढत होते. दादानं खिशातून विम्याचं कार्ड काढलं आणि पाटावर ठेवलं. त्यावर आईचं नाव होतं, नव्या शाईत. सुतकातच तो ऑफिसात जाऊन आला होता, मुंडण दिसू नये म्हणून टोपी कानापर्यंत ओढून. आई हयात आहे का, असं कारकुनानं विचारलं, तेव्हा हा म्हणाला, हाय की. हे त्यानं सगळ्यांना अभिमानानं सांगितलं. "माझ्यावर अवलंबून होती, बघा, सरकारी कागद हाय. खाचर माझं."

धाकटा उष्ट्या हातानं उठला, माणसांनी त्याला धरून बसवलं. कार्ड या हातातून त्या हातात फिरलं. माझ्याही हातात आलं. कारकून खरं बोलला होता, दोन मिनिटांचंच काम होतं.

वडिलांनी ते माझ्याकडून घेतलं, डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"मंग आता तिच्या नावाची पन बाटली मिळंल का रं?"

"मिळंल की बाबा," दादा म्हणाला. "कार्डावर जिती हाय."